मामांची सख्त हरकत

"हरकत! माझी सख्त हरकत हाये! फादर, म्होरं वाचू नका! इथंच थांबा!"

रविवारची मिस्सा अर्ध्यावर आलेली. फादर वेदीकडं पाठ करून लग्नाची हाक वाचताहेत, बाया सतरंजीवर बसल्या बसल्या पेंगताहेत, आणि पुढच्या रांगेतून एक विटकी शेरवानी उठून हात वर करून ओरडते आहे. आमच्यात लग्न ठरलं की ते तीन रविवार चर्चमध्ये जाहीर वाचून दाखवतात आणि 'या विवाहाला कोणाला काही अडथळा ठाऊक असल्यास त्याने तो सांगावा' असं बजावतात. सांगत कोणी नसतं. ठाऊक सगळ्यांना सगळं असतं, पण ते लग्नाच्या पंगतीसाठी राखून ठेवायची रीत आहे. त्यामुळं त्या ओरडण्यानं छतातली कबुतरं उडाली, तान्ही पोरं रडायला लागली, आणि पेटी वाजवणाऱ्या सिस्टरांचा हात ज्या सुरावर पडला होता तिथंच राहिला, तो सूर पुढचा सगळा प्रकार संपेपर्यंत भोंग्यासारखा वाजत होता. फादरांनी चष्मा कपाळावर चढवला. ते गोरे मिशनरी. मराठी पुस्तकातून शिकलेले, आणि पुस्तकातलीच बोलायचे.

"हरकत कोणाची आहे?"

"माझी!"

"आणि वर कोण आहे?"

"वर? वर मीच हाये की!"

स्वतःच्या लग्नाला भर चर्चमध्ये स्वतःच हरकत घेणारा नवरदेव ख्रिस्तजन्मापासून आजतागायत एकच झाला, आणि तो माझ्या आईच्या वाट्याला भाऊ म्हणून आला. ज्यांचा भाऊ दारू पितो, ज्यांचा भाऊ जुगार खेळतो, त्या बाया आईपाशी येऊन रडायच्या तेव्हा ती त्यांना म्हणायची, "रडू नका गं. तुमचा भाऊ नुसता बिघडलेला हाये. माझा शिकलेला हाये."

मामा शिकले कसे, हीसुद्धा एक आफतच. मिशनच्या बोर्डिंगातून हुशार पोरगा म्हणून त्यांना धर्मगुरू व्हायला सेमिनरीत धाडलं, आणि तिथून ते दीडएक वर्षात परत आले. मामा सांगायचे, "माझ्या सवालांना जवाब देणारा त्या सेमिनरीत पैदा झाला नव्हता." आई वेगळं सांगायची. तिच्या म्हणण्याप्रमाणं मामा मुख्य गुरूंच्या प्रवचनातल्या चुका रोज जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि शेवटी त्या बिचाऱ्यानं हात जोडले, स्वतःच्या पदरच्या टांग्यातून मामांना स्टेशनवर पोचवलं आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला. निरोप द्यायला नव्हे, खात्री करायला. पुढं मामा निजामाच्या कचेरीत पेशकार झाले. मुन्सिफापुढं, म्हणजे न्यायाधीशापुढं, कागद ठेवायचे, पुकारा करायचा, आणि मुन्सिफ 'मंजूर' म्हणाला की मंजूर लिहायचं, 'नामंजूर' म्हणाला की नामंजूर. मग पोलीस ॲक्शन झाली. रझाकार गेले, निजामाचा अंमल गेला, कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली. मामांची उर्दू अशी फर्डी की कबुतरांनी दाद द्यावी. पण मराठी अर्ज लिहायला बसले की हात सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला जायचा. नव्या साहेबांनी त्यांना सन्मानानं घरी बसवलं. मुन्सिफ हैदराबादला गेला, फर्निचर नव्या सरकारनं घेतलं, उरला एकटा पेशकार. त्यानं ती सगळी बरखास्त कचेरी उचलली आणि छावणी भागातल्या आमच्या चर्चमध्ये नेऊन मांडली. फरक एवढाच, की आता मुन्सिफही तेच.

तेव्हापासून औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ख्रिस्ती माणसाला सुखानं संस्कार मिळाला नाही. आमच्याकडं संस्कार सात: स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. बाकीच्यांना ही देवाच्या कृपेची सात दारं वाटतात. मामांना ती सात दफ्तरं वाटायची, आणि प्रत्येक दफ्तरापाशी ते स्वतः चौकशीला बसलेले. संस्कार खरा व्हायला तीन गोष्टी लागतात, असं ते वाटेत गाठून सांगायचे: द्रव्य, म्हणजे पाणी, तेल, भाकर, बरोबर पाहिजे, शब्द बरोबर पाहिजेत आणि देणाऱ्याची नियत बरोबर पाहिजे. तिन्ही असले तर मंजूर. एक जरी हुकलं तर नामंजूर. मग देणारा खुद्द पोप का असेना. आणि देणारा कसला का असेना, दारुडा, चोर, लबाड, तिन्ही बरोबर असले तर मंजूरच! हा शेवटचा मुद्दा सांगताना ते ज्या माणसाकडं बोट दाखवायचे तो बिचारा आठ दिवस घराबाहेर पडत नसे. शिवाय त्यांचा एक मधला शेरा होता, 'झाला, पण बेकायदा झाला'. अशा बेकायदा झालेल्या ख्रिस्ती लोकांची आमच्या छावणीत एक अख्खी गल्ली होती.

माझ्या चुलत बहिणीच्या पोराचा स्नानसंस्कार होता. थंडीचे दिवस, पोर नाजूक. आजीनं त्याला लोकरी टोपडं घातलेलं. फादरांनी टोपडं थोडं मागं सारलं, पाणी घातलं, शब्द उच्चारले. झालं, आता पेढे, एवढ्यात खांबामागून आवाज आला: "नामंजूर! पाणी टोपड्यावर पडलं! स्नानसंस्कार टोपड्याचा झाला, पोराचा नाय!"

"अहो पेशकारसाहेब, कपाळ भिजलंय की!" आजी म्हणाली.

"भिजून काय व्हतं? दवानं गवतबी भिजतं, म्हणून गवत ख्रिस्ती व्हतं का? पाणी वाहायला पायजे, वाहायला! कातडीवरून!"

आजी म्हणाली, "माझ्या नातवाला न्यूमोनिया झाला तर तुमच्या कातडीवरून काय वाहतं ते मी बघन." पण मामांनी फादरांना इतकं घेरलं, इतके लॅटिन दाखले अंगावर फेकले, की त्या सज्जन माणसानं हात टेकले आणि 'जर तुझा स्नानसंस्कार झाला नसेल तर' अशी अट घालून पुन्हा एकदा पाणी घातलं. आमच्यात स्नानसंस्काराचा शिक्का आत्म्यावर कायमचा उठतो, दुसऱ्यांदा उठवता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा अशी अट घालतात. पोर त्या दुसऱ्या पाण्यानं जे किंचाळलं ते चिकलठाण्यापर्यंत ऐकू गेलं असणार. पुढं ते चांगलं सहा फुटी झालं, मिशी राखली, ट्रक चालवायला लागलं, तरी छावणीत त्याचं नाव टोपडंच राहिलं.

माझ्या वडलांना मामांची खोडी काढल्याशिवाय जेवण जात नसे. एकदा पानावर बसल्यावर वडील साळसूदपणे म्हणाले, "काय हो पेशकार, समजा उघडं माळरान हाये, पोर मरायला टेकलंय, पाण्याचा टिपूस नाय. नुसती येसराच्या आमटीची वाटी हाये. द्यायचा का स्नानसंस्कार?"

मामांनी हातातला घास खाली ठेवला. डोळे मिटले. येसराच्या आमटीवर साय धरायला लागली तरी उघडले नाहीत. मग म्हणाले, "दाजी, घट्ट असंल तर नामंजूर. पातळ असंल तर शंकास्पद. द्यावा, पण अट घालून."

"आन् ताक?"

"ताक नामंजूर."

"चहा?"

"बिनदुधाचा असंल तर..."

"जेवा आता गुमान दोघंबी," आई ओरडली. "तिकडं पोर मेलं कवाच!"

पापनिवेदनाच्या रांगेत ते कोणालाच सुखानं उभं राहू देत नसत. पश्चात्ताप दोन दर्जाचे असतात, हे आमच्या अडाणी लोकांना कुठून ठाऊक? मामा रांगेतून फिरत प्रत्येकाच्या कानाशी विचारायचे, "काय रं, तुझा पश्चात्ताप कशापायी? देवाच्या प्रेमापायी, का नरकाच्या भीतीपायी?" माणूस म्हणायचा, "बायकोच्या भीतीपायी." मामा म्हणायचे, "दर्जाच नाय." स्वतः मामा फादरांपुढं गुडघ्यावर बसले की मागची रांग घरी जाऊन स्वयंपाक उरकून परत यायची. एवढं काय सांगत असतील, याचा उलगडा फादरांच्या एका उद्गारानं झाला. जाळीतून त्यांचा आवाज अख्ख्या चर्चला ऐकू आला: "आपण कृपा करून फक्त आपली पापे सांगावीत!" आणि त्यावर मामा, अगदी चकित होऊन: "माझं सांगण्याजोगं काय हाये, फादर?"

एकदाच त्यांना गप्प झालेलं पाहिलं. वेरुळाकडचा एक म्हातारा मेंढपाळ धर्मशिक्षणाला यायचा. ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच लागते, दुसऱ्या धान्याची चालत नाही, हे मामा त्याला समजावत होते. जवारी नामंजूर, बाजरी नामंजूर, मका तर बोलूच नका. म्हातारा घोंगडीत हात घालून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजी देव जवारीत येत नाय व्हय?"

"नाय. गव्हातच येतो."

"आमच्यात गहू सणालाच असतो, साहेब. रोज जवारीच."

"मंग सणाला भेटंल तुम्हाला."

म्हाताऱ्यानं घोंगडी खांद्यावर सारखी केली. म्हणाला, "म्हंजी त्यो आमच्याकडं पावनाच की. घरचा नाय." मामांनी शेरवानीची गुंडी पिरगाळली, आणि "नामंजूर" म्हणाले, पण अगदी हळू, आणि कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

घरातही तेच. आईचं वरण नामंजूर, वडलांचं राजकारण नामंजूर, माझी नवी मास्तरकी नामंजूर, कारण मी मराठी शाळेत होतो. अर्ध्या छावणीला त्यांनी नरकात धाडलं होतं, उरलेल्या अर्धीला शुद्धिस्थानात. म्हणजे जिथं आत्मे स्वर्गात जाण्याआधी धुऊन, वाळवून निघतात. स्वर्गात एकट्या मामांची खुर्ची, आणि तिथंही ते दाराशी बसलेल्या संत पेत्राला किल्ल्या नीट धरायला शिकवणार. नात्यातल्या अडथळ्यामुळं बिशपांकडून सूट मागून ज्यांनी लग्नं केली होती, त्यांना ते तोंडावर 'सवलतीचे' म्हणायचे. "कसं काय सवलतीचे? पोरं बरी हायेत ना सवलतीची?" लोक हसून घ्यायचे, आणि घरी जाऊन न हसता आठवायचे.

'मंजूर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकला तो एकाच गोष्टीबद्दल, आणि ती गोष्ट म्हणजे सगुणाबाईचा स्नानसंस्कार.

सगुणाबाई मूळची पाचोडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा गेला, सासरच्यांनी काढून दिली, तेव्हा तिकडच्या मिशनच्या दवाखान्यात सिस्टरांनी तिला स्वयंपाकाला ठेवून घेतली होती. प्रार्थना शिकत होती, पण स्नानसंस्कार अजून झालेला नव्हता. त्यात तिला मुदतीचा ताप आला आणि एका दुपारी तिची नाडी हाताला लागेना. फादर दूर खेड्यांवर गेलेले, एकटी सिस्टर दुसऱ्या अत्यवस्थ माणसापाशी, आणि आमचे मामा कुणाला तरी भेटायला म्हणून येऊन दारात उभे. मरणाच्या दारात कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो: बाई, बुवा, ख्रिस्ती, बिनख्रिस्ती, कोणीही, चर्चला जे करायचं आहे ते करायची नियत असली म्हणजे झालं. सिस्टर आतून ओरडली, "पेशकारसाहेब, पाणी घाला!" आणि ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या हातातलं पाणी मोजलं होतं त्यांच्या हातात पहिल्यांदा लोटा आला.

पुढचं मामांच्याच तोंडून ऐकावं. ते त्यांनी बारशाला सांगितलं, मयताला सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं. "डोक्यावरचा पदर बाजूला केला. केस बाजूला केले. लोटा धरला. 'सगुणा आग्नेस, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं स्नान घालतो.' प्रत्येक नावाला पाणी. आन् पाणी कसं? थेंब नाय, शिंतोडा नाय. धार! कातडीवरून! वाहिलं! द्रव्य मंजूर, शब्द मंजूर, नियत मंजूर!" सगुणाबाई जगली. फादर परत आल्यावर तेल, मेणबत्ती, पांढरं वस्त्र असे राहिलेले विधी चर्चमध्ये करायचे होते, तेव्हा मामा पाण्याच्या भांड्यावर दोन्ही हात झाकून उभे राहिले. "बाकी काय पायजे ते करा. पाणी नाय! पाणी झालेलं हाये!" फादर म्हणाले, "मी पाणी घालणार नव्हतोच." मामा तरीही हलले नाहीत.

पुढं सगुणाबाई औरंगाबादला सिस्टरांच्या स्वयंपाकघरात आली. गोरीगोमटी नाही, बोलकी तर अजिबात नाही. तिच्याशी बोलणं म्हणजे आडात दगड टाकून आवाजाची वाट बघणं. पण जवारीची भाकर अशी थापायची की तव्यावर टाकली की चंद्रासारखी फुगावी. एका दुपारी काहीतरी निरोप घेऊन ती आमच्याकडं आली, आई तापानं पडलेली होती, म्हणून तिनं न विचारता चुलीपाशी बसून चार भाकरी टाकल्या. मामा जेवायला बसले. पहिला तुकडा मोडला. चघळला. आणि ताटाकडं बघत म्हणाले, "मंजूर."

आईचा ताप तिथंच उतरला. अंथरुणात उठून बसली आणि वडलांना खूण केली. इतकी वर्षं ज्याला जगातलं काहीच पसंत पडलं नाही तो माणूस एका बाईच्या भाकरीला मंजूर म्हणाला, आणि ती बाई विधवा, ख्रिस्ती, निर्व्यसनी आणि मुख्य म्हणजे गप्प बसणारी. आईनं त्यानंतर सहा महिने जे राजकारण केलं ते दिल्लीला जमलं नसतं. सगुणाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "चालंल." मामांना विचारलं तर ते लाजले. खरंच लाजले, विटक्या शेरवानीच्या कॉलरमध्ये मान घालून म्हणाले, "विवाह हा संस्कार हाये. त्याला नामंजूर म्हणणारा मी कोण?" पन्नाशीकडं झुकलेला तो पेशकार लाजताना इतका बावळट दिसला की मला त्यांच्याविषयी जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं.

सगुणाबाई कासाराकडं जाऊन दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून आली. इतकी वर्षं रिकामे हात. आता भाकर थापताना खुळखुळ वाजायला लागले, आणि ती दर वेळी थोडी दचकायची. पहिल्या रविवारी हाक वाचली तेव्हा मामा लाजून बाहेर चपलांपाशी बसले होते. दुसऱ्या रविवारी ते आमंत्रणं द्यायला खेड्यावर गेले होते. तिसऱ्या रविवारी मात्र पुढच्या रांगेत ताठ बसले, आणि फादरांनी वाचलं: "वधू, सगुणा आग्नेस, पाचोड येथील दवाखान्यात स्नानसंस्कार झालेली..."

कचेरीत दोन वेगळ्या दफ्तरांतले कागद जन्मात एकमेकांना भेटत नाहीत. मामांच्या डोक्यातही स्नानसंस्काराचं दफ्तर एका फळीवर होतं आणि विवाहाचं दुसऱ्या. साऱ्या छावणीच्या लग्नांतले अडथळे ज्यांनी नखानं कोरून काढले, त्यांना स्वतःचा दिसला नव्हता. त्या एका ओळीनं दोन्ही दफ्तरं एकमेकांवर आदळली. चर्चच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणं ज्यानं स्नानसंस्कार दिला आणि ज्याला दिला त्यांच्यात आध्यात्मिक नातं जुळतं. तो बाप, ती लेक. आणि बापलेकीचं लग्न होत नाही.

म्हणून ती आरोळी. मिस्सा कशीबशी संपली, आणि आम्ही सगळे फादरांच्या खोलीत जमलो: मामा, आई, मी, आणि दाराशी पदर हातात गुंडाळून सगुणाबाई. फादर अजिबात घाबरले नव्हते. म्हणाले, "हा अडथळा लहान प्रकारचा आहे. आपण अर्ज करावा, मी महागुरूंना, म्हणजे बिशपांना, लिहितो. सूट निश्चित मिळेल."

"सूट?" मामा खुर्चीतून उडाले. "मी सूट मागू? सवलतीचा व्हऊ? अहो, उद्या छावणीतले सगळे सवलतीचे माझ्या दारात येऊन पेढे मागतील!"

"मागू दे की!" आई म्हणाली. "दे त्यांना पेढे! एवढी वर्सं त्यांनी तुझं ऐकलं, एक दिवस तू ऐक!"

"नामंजूर."

फादरांनी दाढी कुरवाळली. त्या माणसाच्या अंगात साधुत्वाखाली थोडा वकील लपलेला होता, तो बाहेर आला. खुर्ची पुढं ओढून हळू म्हणाले, "दुसराही मार्ग आहे. ती दुपार गडबडीची होती. आपण घाबरलेले होता. आपला हात कापत असेल. पाणी खरोखर वाहिले, की केसांतच राहिले? आपल्याला जर शंका असेल, अगदी थोडी, तर तो स्नानसंस्कार शंकास्पद ठरतो. मी अट घालून पुन्हा देईन. मग आपले नाते उरणार नाही. अडथळाही नाही."

बघा, काय मागत होते ते! ज्या माणसानं टोपड्यावरून, खोकल्यावरून, एका गाळलेल्या अक्षरावरून साऱ्या दुनियेच्या संस्कारांवर शंका घेतली, त्यानं एकदा, फक्त एकदा, स्वतःवर शंका घ्यायची होती. एवढ्यावर बायको मिळत होती, गरम भाकर मिळत होती, म्हातारपण निभत होतं.

"म्हण ना रं," आई कळवळून म्हणाली. "नीट आठवत नाय म्हण. दादा, म्हण!"

मामांच्या कपाळावर घाम आला. तो खाली वाहिला. कातडीवरून, अगदी मंजूर. फादर दाराकडं वळले. "आपल्याला स्मरते काय, सगुणाबाई? आपण तापात होता. स्मरत नसेल तर तसे सांगा."

सगुणाबाईनं मान वर केली. पण तिचं तोंड उघडायच्या आत मामा गरजले, "तिला काय इचारता? ती बेसुध व्हती! बेसुध माणसाची गवाही नामंजूर!" आणि मग त्यांचा आवाज जो बसला तो एकदम बसला. "पाणी वाहिलं, फादर. मी सगळ्यांचं खोडत आलो. माझ्या हातानं जन्मात एक काम मंजूर झालं. तेबी खोडू व्हय?"

हे ऐकून कोणाचेही डोळे भरून यावेत. माझे भरले नाहीत. मला वाटलं, उठावं आणि तो चर्चचा लोटा या गृहस्थाच्या डोक्यावर उपडा करावा, शब्दांशिवाय, नियत चांगलीच असताना. एका बाईच्या बांगड्यांपेक्षा ज्याला आपलं बरोबर असणं मोठं वाटतं, त्याला धार्मिक म्हणतात तरी कशाला? आई रडली. फादर खिडकीतून बाहेर बघत बसले. सगुणाबाई कधी निघून गेली ते कळलंही नाही. बांगड्या वाजल्या नाहीत, तिनं त्या हातानं धरून ठेवल्या असणार.

लग्न मोडलं. भाकर मोडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणाबाई फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन मामांच्या दारात उभी, "घ्या" म्हणाली आणि गेली. तिसऱ्या दिवशीही. मामा तिला 'बेटी' म्हणायला लागले, भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पूर्वी ती त्यांना पेशकारसाहेब म्हणायची. आता काहीच म्हणेनाशी झाली. बांगड्या तिनं उतरवल्या नाहीत. भाकरी थापताथापता त्या आपसूक एकेक पिचत गेल्या, आणि नवीन तिनं भरल्या नाहीत. पुढं पुढं मामांचं ओरडणंही कमी झालं. स्नानसंस्काराला ते खांबामागंच उभे राहायचे, पाणी पडताना डोळे मिटून घ्यायचे. सवलतीच्या एका जोडप्याच्या पोराला त्यांनी एकदा खडीसाखर दिली, तेव्हा त्या पोराच्या आईनं ती आधी स्वतः चाखून बघितली.

त्यांची वेळ आली तेव्हा फादर तेल घेऊन आले. आजाऱ्याच्या डोळ्यांना, कानांना, ओठांना आणि तळहातांना तेल लावतात. फक्त धर्मगुरू आजारी असेल तर त्याला हाताच्या उलट बाजूला, कारण त्याचे तळवे गुरुदीक्षेच्या वेळीच अभिषिक्त झालेले असतात. फादरांनी मामांचा हात घेतला. मामांनी तो डोळे मिटूनच उपडा केला. सेमिनरीतून परत पाठवलेला तो पोरगा, इतक्या वर्षांनी, उलटा हात पुढं करत होता. फादरांनी तो हात हलकेच सुलटा केला. मामांनी डोळे उघडून आपल्या तळव्याकडं बघितलं. म्हणाले, "व्हय. तसंच. मंजूर." आजारी माणूस काहीही बोलतो म्हणतात, पण द्रव्य, शब्द आणि नियत बघता मला ते बोलणं खरं वाटलं.

मातीहून परत आल्यावर सगळे पांगले. सगुणाबाई आमच्या चुलीपाशी बसून भाकरी टाकत होती; हात रिकामे, आवाज नुसता थापण्याचा. तिला बघून माझ्या मनातला तो जुना राग पुन्हा उसळला, आणि या वेळी तिच्यावरच निघाला. म्हटलं, "बाई, ते तर अडेलतट्टू होते. पण फादरांनी तुम्हाला विचारलं होतं. त्यांनी ओरडून गप्प केलं खरं. पण नंतर जाऊन सांगायचं होतं. पाण्याचं काही आठवत नाही, एवढंच. तुम्ही तापात होता, कोणी खोटं म्हटलं नसतं. सगळं जुळलं असतं."

तिनं तव्यावरची भाकर उलटली, कडेनं बोट फिरवून बघितलं.

"उशी भिजली व्हती," ती म्हणाली.